साकुमा शोझान : आठ कलमं, फुटलेली तोफ आणि न छापलेला कोश

पूर्वदिशा (धागाकर्ता)

जपानच्या आधुनिकीकरणावर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक १८६८ च्या मेइजी सत्तांतरापासून सुरू होतं. फार तर १८५३ साली कमोडोर पेरीची काळी जहाजं उरागाला आली तिथपासून. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं गाळली की वाटतं, अमेरिकेने दम भरला आणि जपान खडबडून जागा झाला. साकुमा शोझानचं काम पाहिल्यावर हे चित्र टिकत नाही, म्हणून हा धागा.

जन्म १८११, शिनानो प्रांतातल्या मात्सुशिरो संस्थानात (आज नागानो शहराचा भाग). घराणं सामुराई, पण खालच्या पायरीवरचं. शिक्षण कडक कन्फ्युशियन, झू शी या चिनी विचारवंताच्या परंपरेतलं. १८३३ मध्ये एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, सातो इस्साई यांच्याकडे शिकायला गेला आणि १८३९ मध्ये तिथेच कांदा भागात स्वतःची पाठशाळा काढली. तोवर तो एक हुशार, बऱ्यापैकी गर्विष्ठ शास्त्रीबुवा होता. मग मात्सुशिरोचे दाइम्यो (संस्थानिक) सानादा युकित्सुरा शोगुनच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य करणाऱ्या लष्करी शासकाच्या, 'रोजू' या वरिष्ठ मंडळात गेले, त्यांच्याकडे किनाऱ्याच्या संरक्षणाचं काम आलं आणि परदेशांची माहिती काढायला त्यांनी शोझानला जुंपलं. त्याच वेळी अफूच्या युद्धात चीन हरल्याच्या बातम्या नागासाकीमार्गे येत होत्या.

१८४२ मध्ये त्याने दाइम्योंना निवेदन दिलं. त्यातली आठ कलमं अशी: मोक्याच्या किनाऱ्यांवर तोफांसह बुरूज बांधा. डचांना जाणारं तांबं थांबवा आणि त्याच्या तोफा ओता. पाश्चात्त्य बांधणीची मोठी मालवाहू जहाजं बांधा, म्हणजे एदोला येणारा तांदूळ बुडणार नाही. सागरी व्यापारावर लायक अधिकारी नेमा. युद्धनौका बांधा आणि आरमाराचं शिक्षण द्या. आडवळणाच्या खेड्यांतही शाळा काढा. बक्षीस आणि शिक्षा यांचे नियम स्पष्ट ठेवा. गुणवान माणसं निवडून वर आणण्याची पद्धत बसवा.

पेरी यायला तेव्हा ११ वर्षं बाकी होती.

माझा प्रश्न असा: हा माणूस नुसता सांगणारा होता की करणाराही? तोफा, काच, तारायंत्र या सगळ्यांशी त्याचं नाव जोडतात. तांत्रिक अंगाने ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं. 'छान लेख'वाले प्रतिसाद कमी आले तरी चालतील.

बुरुजावरून

आठ कलमं सुटी वाचू नयेत, ती एकमेकांत अडकलेली आहेत. तोफ ओतायची तर काशं हवं, काशात नव्वद टक्के तांबं. जपानचं तांबं मात्र दोन शतकं नागासाकीच्या देजिमा बेटावरून (डचांची वखार तिथे होती) डच जहाजांत चढत होतं. म्हणजे दुसरं कलम हा पहिल्याचा कच्चा माल. बुरूज बांधून घेतले आणि त्यावर ठेवायला तोफाच नाहीत, हे किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी खरोखर झालं होतं.

तिसऱ्या कलमाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो: 'जपानमध्ये ५०० कोकूंपेक्षा मोठी जहाजं बांधायला बंदी होती, म्हणून ती बुडायची.' एक कोकू तांदूळ साधारण १५० किलो, म्हणजे ही मर्यादा ७५ टनांची. बंदी होती हे खरं, पण १६३८ नंतर मालवाहू जहाजांना तीतून सूट होती आणि हजार कोकूंची जहाजं सर्रास चालत. घोटाळा बांधणीत होता. एकच डोलकाठी, एकच मोठं चौकोनी शीड. सुकाणू अवाढव्य, उथळ बंदरात वर घेता यावं म्हणून दोरांवर टांगलेलं. वादळात मागून लाट आली की ते आपटून फुटायचं. वर पक्कं, पाणी न शिरणारं डेक नव्हतं, त्यामुळे पाणी थेट मालात. सुकाणू गेलं की डोलकाठी तोडून जहाज वाहू द्यायचं, एवढाच इलाज. किनारा धरून जाताना हे चालून जायचं, पण पॅसिफिकच्या बाजूला वारा फिरला की संपलं. शोझान 'पाश्चात्त्य बांधणी' म्हणतो ती या कारणाने, नुसती मोठी जहाजं मागत नाही. ही बंदी उठली १८५३ च्या शरद ऋतूत, पेरी येऊन गेल्यावर.

ओतारी

तोफांबद्दल लिहितो, कारण इथे शोझानची खरी कसोटी लागली.

१८४२ मध्ये तो इझूच्या एगावा हिदेतात्सु यांच्याकडे पाश्चात्त्य तोफखाना शिकायला गेला. एगावांचे गुरू ताकाशिमा शूहान, ज्यांनी १८४१ मध्ये एदोजवळ तोफांचं जाहीर प्रात्यक्षिक केलं होतं. एगावांची पद्धत जुन्या आखाड्याची: आधी डोंगरातून पायपीट, अंगमेहनत, मग टप्प्याटप्प्याने विद्या. शोझानला हे मानवलं नाही. त्याला ग्रंथ हवे होते, तेही लगेच. मग त्याने शिमोसोने या ताकाशिमांच्या दुसऱ्या शिष्याकडून हस्तलिखितं मिळवली. गुप्त विद्या म्हणून ज्ञान राखून ठेवण्याला त्याचा कायम विरोध राहिला. पुढे १८५१ मध्ये एदोत कोबिकिचो इथे स्वतःचं विद्यालय काढल्यावर त्याने ते उघड शिकवलं.

आता ओतकाम. काशाच्या तोफेला १०० भाग तांब्याला ८ ते ११ भाग कथील लागतं. कथील कमी पडलं की धातू मऊ राहतो आणि गोळा नळीला आतून खड्डे पाडतो. जास्त झालं की धातू कडक होतो पण ठिसूळ, घंटेच्या काशासारखा, आणि स्फोटाला फाटतो. जुनी भांडी, घंटा वितळवून ओतलं तर मिश्रण नेमकं काय आहे हे कळतच नाही. शिवाय शिसं असेल तर ते धातूत एकजीव न होता कणाकणाने वेगळं राहतं.

साचा मातीचा, पूर्ण वाळवून भाजलेला. ओल राहिली तर वाफ धातूत शिरते आणि पोकळ्या पडतात. साचा खड्ड्यात उभा पुरायचा, तोफेची जाड पिछाडी खाली आणि तोंड वर. तोंडाच्या वर जादा धातूचा खांब ठेवायचा. थंड होताना धातू आक्रसतो, तेव्हा वरच्या खांबातून खाली भर पडते आणि मळी वरच्या भागात जमते. नंतर तो भाग कापून टाकायचा. धातू वाचवायला खांब आखूड ठेवला की छिद्रं तोफेत उतरतात.

खरी अडचण नळीची. युरोपात अठराव्या शतकापासून तोफ भरीव ओतून मग यंत्राने भोक पाडत. जपानी ओतारी मात्र मध्ये मातीचा गाभा धरून पोकळ ओतत. गाभा एका बाजूला सरकला तर एक भिंत जाड, एक पातळ. त्यात धातू बाहेरून आणि गाभ्याकडून दोन्ही बाजूंनी थिजतो, म्हणून शेवटचं आक्रसणं भिंतीच्या मधोमध होतं आणि पोकळी तिथेच लपते. बाहेरून तोफ देखणी दिसते. दारूचा पूर्ण बार (लांब तोफेला गोळ्याच्या वजनाच्या एक तृतीयांश, म्हणजे १२ पौंडी गोळ्याला ४ पौंड दारू) भरला की मग समजतं.

१८५१ च्या शेवटी शोझानला ते समजलं. उत्तरेच्या मात्सुमाए संस्थानासाठी ओतलेली तोफ बोसो द्वीपकल्पावर आनेगासाकी इथे चाचणीत फुटली. एदोत त्यावर टवाळीच्या कविता निघाल्या. त्याआधी त्याच वर्षी मात्सुशिरोजवळ घेतलेल्या चाचणीत गोळा ठरल्यापेक्षा लांब जाऊन शोगुनच्या थेट अमलाखालच्या प्रदेशात पडला होता, आणि तिथल्या कचेरीने संस्थानाकडे खुलासा मागितला होता. आखूड उखळी तोफेत कोन साधारण ४५ अंशांवर ठेवून पल्ला दारूच्या वजनाने जुळवतात, त्यामुळे बार थोडा चुकला तरी गोळा भलतीकडे. शोझानचं म्हणणं एकच: न फुटता कोणी तोफ ओतायला शिकलेलं नाही, पुन्हा ओता. पैसे दाइम्योंचे होते, त्यामुळे हे म्हणणं त्याला सोपं होतं हेही नोंदवतो.

तिसरा_मजला

वाचनखूण साठवली. ओतारी, एक शंका: तांबं महाग असताना लोखंडी तोफा का नाही ओतल्या?

ओतारी

ओतल्या, पण ते काम सागा संस्थानाने केलं, शोझानने नाही. लोखंडाला परावर्तनी भट्टी लागते: इंधन एका कप्प्यात, धातू दुसऱ्यात, ज्वाळा कमानी छतावरून धातूवर परतते, त्यामुळे कोळसा आणि धातू एकमेकांना शिवत नाहीत. सागाकडे डच अधिकारी ह्युगेनिन याचं लीजच्या तोफ कारखान्यावरचं पुस्तक होतं आणि त्याबरहुकूम १८५० मध्ये त्यांनी भट्टी उभारली. पहिली ओतकामं वाया गेली. उष्णता पुरेशी नसली की लोखंड दाटसर वाहतं, साच्यात थरांची जोड नीट होत नाही आणि तोफ फुटते. तापमान टिकवणाऱ्या विटांचंही तेच: साधी वीट वितळते. १८५२ च्या सुमारास जमलं आणि नळी कोरायला त्यांनी पाणचक्की लावली. एगावांनी निरायामाला अशीच भट्टी सुरू केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८५७ मध्ये पूर्ण झाली, आणि तिची सुमारे १५.७ मीटर उंचीची धुराडी अजून उभी आहेत.

कोशकार

तोफेबद्दल सगळेच बोलतात. माझ्या मते शोझानचं सर्वांत दूरदृष्टीचं काम शब्दकोशाचं होतं, आणि तेच त्याला करू दिलं नाही.

१८४४ मध्ये, वयाच्या तिशी उलटल्यावर, तो डच शिकायला बसला. गुरू कुरोकावा र्‍योआन, वैद्य. देवाणघेवाण अशी की कुरोकावांनी डच शिकवायचं आणि शोझानने त्यांना चिनी अभिजात ग्रंथ. त्याच काळात त्याने संस्थानाकडून शोमेलचा घरगुती ज्ञानकोश विकत घेववला: डच आवृत्ती, १६ खंड, किंमत सोन्याच्या नाण्यांत ४० र्‍यो. शोगुनच्या भाषांतर कचेरीने याच ग्रंथाचं जपानी भाषांतर १८११ मध्ये, शोझानच्या जन्माच्या वर्षी, हाती घेतलं होतं. पण ते सरकारी कपाटात राहिलं, बाहेर कोणाला मिळालं नाही.

आता कोश. त्या वेळचा सर्वांत मोठा डच-जपानी कोश म्हणजे दूफ-हाल्मा. देजिमाच्या वखारीचे प्रमुख हेन्ड्रिक दूफ यांनी हाल्माच्या डच-फ्रेंच कोशावरून नागासाकीच्या दुभाषांकडून करवून घेतलेला, १८३३ मध्ये पुरा झालेला. तो छापलेला नव्हता. हाताने नकला व्हायच्या, आणि नकलेला महिनेच्या महिने जायचे. ओसाकाला ओगाता कोआन यांच्या पाठशाळेत एकच प्रत होती. तिच्यासाठी वेगळी खोली, आणि विद्यार्थी रात्रंदिवस पाळीने बसायचे. पुढे विचारवंत म्हणून गाजलेला फुकुझावा युकिचीही तिथलाच. प्रत्येक नकलेत चुकांची भर, आणि प्रत ज्याच्याकडे त्याचाच वरचष्मा.

शोझानने १८४९ मध्ये हा कोश सुधारून लाकडी ठशांनी छापायचं ठरवलं. संस्थानाकडे सुमारे १२०० र्‍योंचं कर्ज मागितलं, तारण स्वतःचा तनखा. हिशेब सरळ होता: एकदा ठसे कोरले की शेकडो प्रती निघतात, विक्रीतून कर्ज फिटतं आणि डच वाचणारी माणसं देशभर तयार होतात. पण त्याच वर्षी शोगुन सरकारने पाश्चात्त्य वैद्यकाच्या ग्रंथांनाही अधिकृत वैद्यक विद्यालयाची परवानगी सक्तीची केली होती. वारं उलटं होतं. १८५० मध्ये छपाईला नकार मिळाला.

पुढे कात्सुरागावा होशू यांनी त्याच कोशाची आवृत्ती १८५५ ते १८५८ मध्ये छापली. म्हणजे पाच वर्षांनी तेच काम, पण पेरी येऊन गेल्यावर. आणि कोश हातात येईतो डचची सद्दीच संपत आली होती. १८५९ मध्ये योकोहामा बंदर उघडलं, आणि तिथल्या पाट्या इंग्रजीत.

तांब्याची_तार

काच आणि तारायंत्र माझ्याकडे.

जपानी काच शिशाची असायची. शिसं घातलं की काच कमी उष्णतेला वितळते, चमकते, फुंकायला सोपी जाते. पण तीव्र आम्लाने तिचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि गरम-थंड झालं की तडकते. शोभेच्या बांगड्या-बाटल्यांना हे चालतं, रसायनशाळेत नाही. आम्लच ठेवता आलं नाही तर धातूची परीक्षा, विद्युतघट, पुढचं सगळं अडलं. शोझानने शोमेलचा कोश उघडून आधी काचेवर हात घातला तो म्हणून. त्याने डच काचेच्या तोडीची काच बनवल्याचं पत्रांत लिहिलं आहे. तो स्वतःबद्दल काही कमी लिहीत नसे, हे धरून चालावं.

तारायंत्र. मात्सुशिरोला घंटाघरापासून सुमारे ७० मीटरवरच्या इमारतीपर्यंत तार टाकून त्याने १८४९ मध्ये संदेश पाठवला, अशी कथा आहे. वर्षाबद्दल संशोधकांत वाद आहे. बऱ्याच जणांच्या मते हा प्रयोग नजरकैदेच्या काळातला, १८६० च्या आसपासचा असावा.

तांत्रिक बाजूने पाहा. एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जाऊन-येऊन १४० मीटर धरली तर रोध जेमतेम ३ ओहम. म्हणजे अंतर हा प्रश्नच नाही. दोन गोष्टी अवघड. पहिली डॅनियल घट: मोरचुदाच्या द्रावात तांबं, मधे सच्छिद्र मातीचं भांडं, आत सौम्य गंधकाम्लात जस्त. एका घटाचा दाब सुमारे १.१ व्होल्ट. भांडं फार सच्छिद्र असलं तर मोरचूद आत झिरपतो, जस्तावर तांब्याची काळी साय चढते आणि घट मरतो. फार घट्ट भाजलेलं असलं तर प्रवाहच पुरेसा येत नाही. कुंभाराच्या आव्यात नेमकं मधलं भांडं मिळेपर्यंत अनेक फेकावी लागतात. दुसरी अडचण विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याची. तारेवर आवरण नसेल तर वेढे एकमेकांना चिकटून प्रवाह आडवाटेने निघून जातो. मात्सुशिरो रेशमाचा मुलूख, तेव्हा तारेवर रेशमी धागा गुंडाळायचा. तशी तार त्याने बनवली. असल्याच वेटोळ्यांचं विद्युत-उपचाराचं यंत्रही त्याच्या नावावर आहे.

तुलनेसाठी: १८५४ मध्ये पेरीने योकोहामाला मोर्सचं यंत्र आणून साधारण एक मैलाची तार टाकून दाखवली. मुंबई-ठाणे रेल्वे त्याच्या आदल्या वर्षी, १८५३ च्या एप्रिलात धावली होती.

सारामाफी

सगळे उपकरणांत रमलात म्हणून दुसरी बाजू. १८४४ पासून शोझानकडे सानो, युदानाका आणि कुत्सुनो या तीन डोंगरी गावांचा 'साधनसंपत्ती विकास' होता. आज शिगा पठार म्हणून स्कीइंगला प्रसिद्ध आहे तो भाग. तांबं, गंधक, तुरटी शोधणं, नवी पिकं, बटाटे, जंगलातून लाकूड. कागदावर सुंदर. पण डोंगरात रस्ते काढायला, खाणींच्या पाहणीला, ओझी वाहायला माणसं त्याच गावांची आणि दिवस शेतीच्या हंगामातले. खाणींतून तर काही भरीव निघालं नाही. गावकऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि शेवटी त्याला त्या कामावरून दूर व्हावं लागलं.

आठव्या कलमात तो गुणी माणसं वर आणा म्हणतो, पण ती त्याच्या नजरेत सामुराईच. सहाव्या कलमात खेड्यात शाळा मागतो, पण तिथे शिकवायची निष्ठा, आज्ञाधारकपणा, पातिव्रत्य. गणित आणि यंत्रविद्या सामुराईंना, नीती शेतकऱ्यांना. 'पूर्वेची नीती, पाश्चात्त्यांचं तंत्र' हे त्याचं सूत्र गोड वाटतं. नीती कोणावर आणि तंत्र कोणाच्या हाती, हे विचारल्याशिवाय ते स्वीकारू नये.

नदीकाठ

सारामाफी यांच्याशी सहमत, पण एक भर. शाळेचं कलम पुढे शिष्यांनी वेगळ्या वाटेने नेलं. नागाओकाचे कोबायाशी तोरासाबुरो शोझानचे शिष्य. बोशिन युद्धात (१८६८-६९ ची यादवी) नागाओका बेचिराख झालं, १८७० मध्ये मिनेयामा संस्थानाने मदत म्हणून १०० पोती तांदूळ पाठवला. उपाशी लोकांत वाटायचा सोडून कोबायाशींनी तो विकून पैसा शाळेत घातला. त्या शाळेत सामुराईंखेरीज इतरांनाही प्रवेश होता.

बाकी एक प्रश्न: बाळशास्त्री जांभेकर १८१२ चे, म्हणजे शोझानपेक्षा एका वर्षाने लहान. 'दर्पण' १८३२ चा. तुलना होते का?

पूर्वदिशा (धागाकर्ता)

वय सोडलं तर फार ताणू नये. जांभेकरांच्या हाती छापखाना होता, जो शोझानला मिळाला नाही. शोझानच्या मागे तोफ ओतायला पैसा देणारा स्वतंत्र दाइम्यो होता, जो कंपनीच्या मुंबईत असणं शक्य नव्हतं. दोघांनी ज्ञान लोकांपर्यंत न्यायचा आग्रह धरला, एवढंच साम्य मला पटतं.

बुरुजावरून

शिष्यांचा विषय निघालाच आहे तर शेवटचा भाग पुरा करतो. कात्सु काइशू (शोझानने १८५२ मध्ये त्यांच्या बहिणीशी लग्न केलं), साकामोतो र्‍योमा, योशिदा शोइन ही सगळी त्याच्या पाठशाळेतून गेलेली. १८५४ मध्ये पेरी दुसऱ्यांदा आला तेव्हा सरकार शिमोदा बंदर द्यायला निघालं होतं. शोझानचं म्हणणं, द्यायचंच तर योकोहामा द्या. शिमोदा डोंगरांनी वेढलेलं, जमिनीवरून पोचायला अवघड. तिथे परकीयांनी ठाण मांडलं तर हुसकायला वाट नाही, आणि लांब असल्यामुळे एदो निश्चिंत झोपणार. योकोहामा जवळ, त्यामुळे डोळ्यात तेल घालून बसावं लागेल, शिवाय त्यांची यंत्रं रोज पाहायला मिळतील. तेव्हा ऐकलं गेलं नाही, पाच वर्षांनी योकोहामाच उघडलं.

त्याच वसंतात शोइनने शिमोदाला अमेरिकन जहाजावर चढून परदेशी जायचा प्रयत्न केला. परदेशी जाणं हा देहदंडाचा गुन्हा. सामानात शोझानची निरोपाची कविता सापडली आणि गुरूही तुरुंगात. एदोच्या देन्माचो तुरुंगात सात महिने, मग मात्सुशिरोत नजरकैद, ती थेट १८६२ च्या अखेरपर्यंत. तुरुंगातल्या चिंतनाचं 'सेइकेनरोकु' हे टिपण कात्सुंनी १८७१ मध्ये छापलं. त्यात तो म्हणतो की विशीत मला कळलं मी एका संस्थानाशी बांधलेला आहे, तिशीनंतर एका देशाशी, चाळिशीनंतर साऱ्या जगाशी.

१८६४ मध्ये शोगुन सरकारने त्याला क्योतोला बोलावलं. परकीयांना हाकला म्हणणाऱ्यांनी शहर तापलेलं, आणि हा बंदरं उघडा, सम्राटाचा दरबार आणि शोगुन एकत्र आणा असं बोलत उघडपणे पाश्चात्त्य खोगिरावर बसून फिरत होता. सम्राटाला सुरक्षित म्हणून हिकोनेला हलवण्याच्या हालचालीतही त्याचा हात होता. १२ ऑगस्टला कियामाची रस्त्यावर कावाकामी गेन्साइ आणि साथीदारांनी त्याला कापलं. संस्थानाने लगोलग त्याचं घराणंच बरखास्त केलं. ज्यांच्यासाठी त्याने तोफा ओतल्या त्यांनीच.

तिसरा_मजला

मात्सुशिरोला पाहण्यासारखं काय आहे? नागानोला जाणारे आहेत काही जण.

तांब्याची_तार

नागानो स्थानकावरून बसने साधारण अर्धा तास. जुन्या मार्गदर्शिकांत मात्सुशिरोची रेल्वे दाखवतात, ती २०१२ मध्ये बंद झाली. शोझानचं देऊळ १९३८ चं, जवळच त्याचं स्मारक-संग्रहालय, तिथे विद्युत-उपचाराचं यंत्र पाहा. घंटाघरही गावातच आहे. तिथला दगड 'जपानी तारायंत्राचं जन्मस्थान' म्हणतो. त्यावरचं वर्ष वर लिहिलेला वाद लक्षात ठेवून वाचा.